बर्फाला जायच्या आधी कापसावर हात बसवा

दोन वर्षांआधी जानेवारीत हिमाचलात मनालीजवळच्या सोलंगला गेलो होतो. घाटंजीकडच्या आमच्या गावात एवढं पांढरं फक्त कापसाच्या दिवसांत दिसतं, म्हणून दिवसभर कॅमेरा खाली ठेवला नाही. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहतो तर सगळा बर्फ चुलीतल्या राखेसारखा. आठवडाभरानं ओसरीतल्या कापसाच्या गंजीचा फोटो काढला, तीही तशीच राखाडी. तेव्हा खरा घोळ लक्षात आला.

कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे त्याचं उजेड मोजायचं यंत्र, समोरच्या दृश्याला मध्यम करडं, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारं धरतं. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के पाठवतो. मीटरला वाटतं प्रकाश जास्त झाला, ते कमी करतं. काळ्या नांगरटीचा फोटो फिका येतो तोही याच कारणानं, उलट दिशेनं.

म्हणून बर्फाला जायच्या आधी वेचणीच्या दिवसांत गंजीपुढे बसा. कॅमेरा अपर्चर प्रायॉरिटीवर (A किंवा Av; यात शटरचा वेग कॅमेराच ठरवतो) ठेवा, फ्रेम कापसानं भरा आणि फोटोचा उजेड कमी-जास्त करायच्या प्लस-मायनसच्या बटणानं एकेक फोटो काढा: ०, +०.७, +१, +१.३, +१.७, +२. मग प्रत्येक फोटो मोठा करून बोंडांतले तंतू पाहा. जिथे तंतू पुसले जाऊन नुसता पांढरा डाग उरला, त्याच्या एक पायरी मागे या. हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतला उजेड दाखवणाऱ्या आलेखाचा, डोंगर उजवीकडे, उजळ बाजूला सरकलेला हवा, पण भिंतीला चिकटलेला नको. फोटो रॉमध्येच काढा, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये. तरी पूर्ण जळालेला पांढरा भाग रॉमधूनही परत येत नाही.

बर्फावर तंतूंच्या जागी वाऱ्यानं पाडलेल्या लाटा आणि बारीक कण पाहायचे. फ्रेमभर बर्फ असेल तर मी +१.३ पासून सुरू करतो, ढगाळ असलं तरी. अर्धी फ्रेम देवदारांची असेल तर +०.७ पुरतं. सावलीतला बर्फ निळा दिसतो, तो आकाशाचा उजेड आहे. तो रंग सगळा काढून टाकू नका, थंडी त्याच्यातच दिसते.

माणसाचा फोटो असेल तर जास्त जपा. आईला गंजीपुढे उभं केलं तर शून्यावर तिचा चेहरा काळवंडला, +१.३ वर डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्याही दिसल्या. खालून कापसाचा उजेड हनुवटीवर येतो, बर्फाचाही येतो. चेहरा नीट दिसत असेल तर मागचा थोडा पांढरा गेला तरी मी जाऊ देतो.

मोबाइलवर बर्फाला बोट लावा आणि सूर्याचं चिन्ह वर सरकवा. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात ती लवकर उतरते. आणि बर्फावरून खोलीत आलात की प्लसचा आकडा आधी शून्यावर आणा; बऱ्याच कॅमेऱ्यांत तो बंद करून चालू केल्यावरही तसाच राहतो.