सिलॅक: जड अमिनो आम्लांनी प्रथिनं मोजताना

सिलॅक म्हणजे पेशींच्या दोन गटांना साधी आणि जड अमिनो आम्लं देऊन त्यांच्या प्रथिनांची तुलना करायची पद्धत. लायसिन-आर्जिनिन (दोन अमिनो आम्लं) नसलेलं डीएमईएम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रव माध्यम, घ्या. एका भागात साधी अमिनो आम्लं घाला, दुसऱ्यात जड: लायसिन-८, आर्जिनिन-१० (आकडा म्हणजे साध्यापेक्षा किती डाल्टन, म्हणजे रेणूच्या वजनाची एककं, जास्त). सीरम १० टक्के, पण डायलाइझ केलेलंच, म्हणजे लहान रेणू गाळून काढलेलं. साध्या सीरममधली हलकी अमिनो आम्लं सगळं गणित बिघडवतात. पेशी किमान ५ वेळा दुप्पट होऊ द्या, मग थोडा नमुना मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) तपासा. जड अंश ९५ टक्क्यांखाली असेल तर पुढे जाऊ नका.

पेशीत जड आर्जिनिनचं प्रोलिन (आणखी एक अमिनो आम्ल) होऊन यंत्राच्या आलेखातलं जड शिखर फुटतं. लिटरला २०० मिलिग्रॅम प्रोलिन घातलं की बहुधा आवरतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये खोलीला एसी हवाच, कारण पेशी वाढवायचा साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही.

दोन्ही लायसेट (पेशी फोडून मिळालेला द्रव) प्रथिनाच्या वजनाने १:१ मिसळा, मगच ट्रिप्सिन (प्रथिनांचे तुकडे करणारं विकर) घाला.