एफवायला गणित घेताय? विषयनिवडीतल्या या चुका टाळा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या, म्हणजे एफवायच्या, प्रवेशाचा फॉर्म भरताना गणित घेणारी बहुतेक मुलं-मुली एका गोष्टीवर निश्चिंत असतात: मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, रकान्यात गणित लिहून झालं, आता बाकी काहीही चालेल. मग मायनर (जोडविषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ), एईसी (भाषा), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) हे रकाने रांगेत उभ्या उभ्या, शेजारच्याला विचारून भरले जातात. दरवर्षी हे बघून मला वाईट वाटतं. गणिताचे पेपर विद्यापीठाने ठरवलेलेच असतात, त्यात तुम्हाला कुणी विचारत नाही. तुम्हाला निवडायला मिळतं ते या बाकीच्या रकान्यांतच.

जरा आकडे मांडून बघा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये जो आराखडा दिला, त्यात एका सेमिस्टरला २२ क्रेडिट (तासांवरून ठरणारे श्रेयांक) आहेत आणि पहिल्या सेमिस्टरला त्यातले मेजरचे ६. नंतर काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे ठेवून मेजर दुसऱ्या वर्षी ठरवायची सोय झाली. तिथे गणिताच्या वाट्याला २२ पैकी ४ क्रेडिट येतात. म्हणजे ‘मी गणित करतोय’ असं सांगणारा विद्यार्थी आठवड्यातला बराच वेळ गणिताच्या वर्गाबाहेर असतो. तो वेळ गणिताला हातभार लावणार की गणिताचाच वेळ खाणार, हे त्या रकान्यांवर ठरतं. स्वायत्त कॉलेजांची मांडणी आणखी वेगळी असू शकते, म्हणून आपल्या कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसमधला क्रेडिटचा तक्ता सगळ्यात आधी काढून बसा.

क्रेडिट सारखे दिसले म्हणून तास सारखे धरणं

थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. त्यामुळे दोन क्रेडिटची थिअरी सेमिस्टरभरात ३० तासांत संपते आणि दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल ६० तास घेतं, म्हणजे १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये आठवड्याला ४ तास. जर्नल लिहिणं, सह्या घेणं आणि सबमिशनच्या आठवड्यातली धावपळ यात धरलेलीच नाही.

तीन विषयांच्या पद्धतीत ‘बारावीला पीसीएम होतंच, तेच पुढे नेऊ’ म्हणून गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेणारे बरेच असतात. भौतिकशास्त्र मनापासून आवडत असेल तर जरूर घ्या. डिफरन्शियल इक्वेशन कशासाठी मांडतात हे तिथे जसं दिसतं तसं दुसरीकडे क्वचितच दिसतं. पण दोन-दोन प्रयोगशाळा अंगावर घेताना स्वतःला एक प्रश्न विचारा: गणिताचं एक उदाहरण दोन दिवस डोक्यात घोळवायला मला वेळ कुठला उरणार? पहिल्या वर्षाच्या गणिताला नेमका तोच वेळ लागतो.

मायनर सोपा बघून घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. एसईसी किंवा ओई एका सेमिस्टरचा असतो, आवडला नाही तर पुढच्या वेळी दुसरा घेता येतो. मायनर मात्र तीन वर्षं सोबत राहतो, आराखड्यात त्याला १८ ते २० क्रेडिट आहेत. तो निवडताना ‘मार्क कुठे मिळतात’ यापेक्षा ‘पदवीनंतर हा कुठलं दार उघडेल’ हे विचारा.

सांख्यिकी घेतलीत तर वाट बरीच रुंद होते. अनेक विद्यापीठांत एम.एस्सी. सांख्यिकीच्या प्रवेशासाठी पदवीला सांख्यिकी असण्याची अट असते, आणि हे मुलांना तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळतं. विमाक्षेत्रातलं ॲक्चुअरीचं, म्हणजे जोखमीचा हिशेब मांडण्याचं, काम करायचं असेल तर इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडियाच्या एसीईटी या प्रवेश परीक्षेत गणिताबरोबर सांख्यिकी येते, आणि पुढच्या पेपरांतही ती सुटत नाही. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या जॅम परीक्षेत गणिताचा एक पेपर आहे आणि गणितीय सांख्यिकीचा दुसरा. सांख्यिकी हाताशी असेल तर दोन्हींचा विचार करता येतो. शिवाय संभाव्यता समजून घ्यायला जे इंटिग्रेशन लागतं ते तुम्ही मेजरमध्ये शिकतच असता, म्हणजे एकाच अभ्यासाचा दोनदा उपयोग.

संगणकशास्त्राच्या मायनरबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. तो घेतला की नोकरी पक्की, असं पालकही म्हणतात. त्यातून प्रोग्रॅमिंगची सुरुवात होते हे खरं, पण पहिल्या वर्षीचा भाग बहुधा ओळखीपुरता असतो. तुमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पुढे अल्गोरिदम, डेटा स्ट्रक्चर, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स येतं का ते बघा. येत असेल तर गणितवाल्यासाठी हा उत्तम जोड आहे. ग्राफ थिअरी आणि इंडक्शन तिथे रोजच्या वापरात येतं. नुसती सॉफ्टवेअर वापरायला शिकवणारे पेपर असतील, तर तेवढं काम एखादा एसईसी करून देतो, त्यासाठी मायनर घालवू नका.

अर्थशास्त्राचा विचार विज्ञानशाखेतली मुलं करतच नाहीत. आराखड्यानुसार मायनर वेगळ्या शाखेतला घ्यायला मुभा आहे, अडचण येते ती टाइमटेबलची. अर्थशास्त्राचे तास आणि तुमची प्रॅक्टिकलची बॅच एकाच वेळी येत असतील तर कागदावरची मुभा उपयोगाची नाही. अर्ज भरण्याआधी दोन्ही विभागांत जाऊन विचारा.

शिक्षक व्हायचं ठरलं असेल तर हिशेब वेगळा. बी.एड.ला गणिताबरोबर विज्ञानाची अध्यापनपद्धती घ्यायची असल्यास पदवीला भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र असल्याचा उपयोग होतो. अशा विद्यार्थ्याने प्रयोगशाळेचे तास आनंदाने सोसावेत.

पेपरचं नाव वाचून अभ्यासक्रम ओळखला असं मानणं

‘कॅल्क्युलस वन’ हे नाव दिसलं की बारावीला गणितात नव्वद पाडलेला मुलगा निवांत होतो. पहिल्या चाचणीनंतर तोच सांगतो, ‘सर, पेपर कळलाच नाही.’ हुशारी कुठे गेलेली नसते, विषय बदललेला असतो. बारावीला १/एन या क्रमिकेची सीमा शून्य असं लिहिलं की गुण मिळतात. एफवायला ते सिद्ध करावं लागतं. समोरचा एप्सिलॉन नावाची कितीही छोटी धन संख्या देईल, तुम्ही असं एक पद दाखवायचं की त्यानंतरची सगळी पदं शून्यापासून एप्सिलॉनपेक्षा जवळ असतील. एप्सिलॉन ०.०१ असेल तर शंभराव्या पदानंतर काम होतं. एप्सिलॉन बदलला की पदाचा क्रमांकही बदलतो. आधी एप्सिलॉन, मग क्रमांक, हा क्रम उलटला की विधानाचा अर्थच बदलतो.

हा क्रम किती नाजूक आहे ते दोन साध्या वाक्यांत बघा. ‘प्रत्येक नैसर्गिक संख्येसाठी तिच्यापेक्षा मोठी अशी एक नैसर्गिक संख्या असते’ हे बरोबर. ‘अशी एक नैसर्गिक संख्या असते जी प्रत्येक संख्येपेक्षा मोठी आहे’ हे चूक. शब्द जवळजवळ तेच, फक्त ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांनी जागा बदलली. पहिल्या वर्षीच्या ॲनालिसिसमधल्या निम्म्या अडचणी याच अदलाबदलीतून येतात असं माझं ठाम मत आहे. बारावीच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गणितीय तर्कशास्त्राचा होता. बोर्डासाठी ट्रुथ टेबल पाठ करून तो मागे टाकला असेल तर सुट्टीत पुन्हा काढा. ‘प्रत्येक’ असलेल्या विधानाचा नकार कसा लिहायचा एवढं हाताला वळलं तरी पहिले दोन महिने सुसह्य होतात.

म्हणून कुठलाही पेपर निवडताना विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा. युनिटची नावं, प्रत्येक युनिटला दिलेले तास, संदर्भपुस्तकं, इंटर्नल किती आणि लेखी किती हे वाचा. मागच्या वर्षीच्या दोन प्रश्नपत्रिका चाळा. पाऊण तासाचं काम आहे.

ओई, एसईसी आणि आयकेएस ‘भरून टाकणं’

ओई आराखड्यानुसार दुसऱ्या शाखेतून घ्यायचा असतो. गणिताची मुलं इथे सरळ वाणिज्य विभागाचं व्यावसायिक गणित शोधतात, कारण शेकडेवारी आणि चक्रवाढ व्याज येतंच. ३० तास शाळेतला अभ्यास पुन्हा करण्यात घालवण्यापेक्षा अर्थशास्त्राची ओळख घ्या, किंवा कला शाखेचा तत्त्वज्ञान विभाग तर्कशास्त्र शिकवत असेल तर तिथे बसा. युक्तिवाद शब्दांत मांडायची सवय गणितवाल्याला लागते आणि ती त्याला गणिताच्या वर्गात फारशी कुणी लावत नाही.

व्हीएससी मेजरशी किंवा मायनरशी निगडित असावा अशी अपेक्षा आहे. पर्याय असेल तर पायथॉन घ्या. लाटेक शिकवत असतील तर तेही घ्या, कारण पुढे प्रकल्प असो वा शोधनिबंध, गणित नीट टाइप करायला तेच लागतं. व्हीएससीला एक्सेल आणि एसईसीला पुन्हा प्रगत एक्सेल अशी जोडी मात्र टाळा.

आयकेएसकडे दोन क्रेडिटची औपचारिकता म्हणून बघितलं जातं. तुमच्या कॉलेजात भारतीय गणिताचा पर्याय असेल तर तो सोडू नका. पाचने भागल्यावर बाकी ३ आणि सातने भागल्यावर बाकी २ उरते अशी संख्या शोधा, उत्तर २३. अशा प्रश्नांसाठी आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये जी रीत दिली तिलाच पुढे कुट्टक म्हणू लागले. नंबर थिअरीच्या पेपरात मसावि काढायची युक्लिडची रीत शिकाल तेव्हा हीच भागाकारांची साखळी पुन्हा भेटेल, आणि परदेशी वाटणारं प्रमेय ओळखीचं निघेल.

भाषेच्या किंवा मूल्यशिक्षणाच्या पेपरांबद्दल थोडक्यात: यांचे क्रेडिटही सरासरीत धरले जातात. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. तिथे दोन क्रेडिटच्या पेपरात आळसाने घालवलेले गुण भरून काढणं अवघड जातं.

मैत्रिणीने घेतलं, गावाकडच्या बसची वेळ जुळते, त्या मॅडम पेपर सोपा काढतात: यातलं बसचं कारण मला खरं वाटतं. रोज दोन तास प्रवास करणाऱ्याने सकाळची बॅच बघूनच निवडावं, त्यात लाज नाही.

निवड चुकली आहे असं आता लक्षात आलं तर

कॉलेज सुरू झाल्यावर सुरुवातीला विषय बदलण्याची मुदत असते. ती नोटीस बोर्डावर येते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पहिल्या आठवड्यातच कार्यालयात तारीख विचारून ठेवा आणि तोपर्यंत दोन्ही विषयांच्या तासांना बसा. बदलाचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या. ‘सरांशी बोललोय’ एवढ्यावर हॉल तिकिटावरचा विषय बदलत नाही.

मुदत गेली असेल आणि मायनर चुकल्याचं दुसऱ्या सेमिस्टरला कळलं, तर विभागप्रमुखांना भेटून दुसऱ्या वर्षी बदल शक्य आहे का ते विचारा. शक्य नसेल तर हवा तो विषय ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावरून घेता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयंवरून करता येतात, पण क्रेडिट जमा व्हायला कॉलेजची मान्यता आधी लागते. आधी परीक्षा देऊन मग प्रमाणपत्र घेऊन गेलात तर नकार ऐकावा लागू शकतो.

तीन विषयांच्या पद्धतीत असाल आणि पहिल्या सेमिस्टरच्या गणितात कमी गुण पडले म्हणून दुसऱ्या वर्षी मेजर बदलायचा विचार करत असाल, तर थोडं थांबा. सिद्धतेचं गणित बहुतेकांना पहिल्या सेमिस्टरला जड जातं. एटीकेटी लागली तरी पेपर पुन्हा देता येतो. खरी कसोटी गुणांची नाही. एखादं प्रमेय तुम्ही वही मिटून, स्वतःच्या शब्दांत पुन्हा उभं करू शकता का, आणि ते जमलं की बरं वाटतं का, हे दुसऱ्या सेमिस्टरभर तपासा. तेव्हाही गणिताच्या तासाला नुसता कंटाळाच येत असेल तर मेजर बदलण्यात काही वाईट नाही. सांख्यिकीत किंवा संगणकशास्त्रात गेलात तरी शिकलेलं गणित वाया जात नाही.

ज्यांना गणित आवडतंय पण वर्गात पुरेसं मिळत नाही त्यांनी कॉलेजबाहेर बघावं. माधव गणित स्पर्धा पदवीच्या मुलांसाठीच आहे. पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तिच्यामागे आहेत. तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला कुठलीही नावनोंदणी लागत नाही. १९९३ पासून चालणारा एमटीटीएस हा गणिताचा उन्हाळी कार्यक्रम प्रमेयं पाठ करायला न लावता शोधायला लावतो. पुण्यात असाल तर गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे. यांतल्या कशालाही क्रेडिट मिळत नाहीत, म्हणून कॉलेजचे विषय निवडतानाच आठवड्यातली एक दुपार त्यासाठी मोकळी राहील असं टाइमटेबल जुळवा.