थंडीची लाट येणार म्हटल्यावर द्राक्षबागेत काय करायचे

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यात पारा ५-६ अंशांवर घसरला की पहाटे चारला मोटर सुरू होते आणि बांधावर शेकोट्या पेटतात. ते चूक नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. रात्री बागेला जी ऊब लागते ती आदल्या दुपारपर्यंत जमिनीत साठलेली असावी लागते. म्हणून खरे काम लाटेच्या दोन-तीन दिवस आधीचे आहे, आणि अंदाज तेवढी मुदत देतो.

उत्तरेत पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारे वादळी हवामान, येऊन गेला, तिकडे पाऊस-बर्फ झाला आणि आपल्याकडचे ढगाळ वातावरण निवळून वारा उत्तरेचा झाला, की दोन-तीन दिवसांत गारठा उतरतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असेल, तर हवामान विभाग थंडीची लाट धरतो. साडेसहा अंश किंवा त्याहून जास्त घट झाली की तीव्र लाट. पारा थेट ४ अंशांवर आला तर सरासरी न बघताच लाट, २ अंशांवर आला तर तीव्र लाट. नाशिकचे जानेवारीतले सरासरी किमान तापमान १० अंशांच्या आसपास असते, म्हणजे इथे साडेपाचच्या खाली गेल्याशिवाय लाट जाहीर होत नाही. बागेचा त्रास त्याआधीच, आठ अंशांवर सुरू झालेला असतो. तेव्हा ‘लाट’ हा शब्द कानावर येईपर्यंत थांबू नका. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला आणि मेघदूत ॲपवरचे पाच दिवसांचे किमान तापमान पाहा. आकडा आठच्या खाली दिसला की कामाला लागा.

बातमीत येणारा निफाडचा आकडा बहुधा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. तो जमिनीपासून चार-पाच फुटांवर, पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून तीन-चार अंशांनी थंड असू शकते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पारा शून्याच्या वर असतानाही दहिवराचे हिमकण होतात ते याचमुळे. थंड हवा जड असते. ती उताराने वाहत ओढ्याकाठच्या, नदीकाठच्या प्लॉटमध्ये साचते. एकाच शेतकऱ्याच्या दोन प्लॉटमध्ये दोन-तीन अंशांचा फरक पडतो. म्हणून किमान तापमान नोंदवणारे दोन साधे तापमापक घ्या. एक घडांच्या उंचीवर, दुसरा जमिनीपासून फूटभर, दोन्ही बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, सावलीत. लावण्याआधी बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून त्यात पाच मिनिटे बुडवा. शून्य दाखवले नाही तर जितका फरक येईल तो चिठ्ठीवर लिहून तापमापकालाच चिकटवा. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री येत नाही. ते सूर्योदयाच्या आसपास, बऱ्याचदा सूर्य उगवल्यावर थोड्या वेळाने येते, म्हणजे जानेवारीत सातच्या पुढे. पाचलाच ‘आता निभावले’ म्हणून मोटर बंद करणारे इथे फसतात.

आधी प्लॉट कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवा, कारण एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष. उशिरा गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) झालेली बाग फुलोऱ्यात किंवा सेटिंगमध्ये (मणी धरताना) असेल तर गळ आणि शॉर्ट बेरी (न वाढलेले बारीक मणी) ही भीती. हिरव्या मण्यांच्या अवस्थेत फुगवण थांबते, कारण माती गार झाली की पांढरी मुळी (पाणी-अन्न शोषणारी कोवळी मुळे) काम करत नाही. या अवस्थेत पाणी मोकळ्या हाताने देता येते. मण्यात पाणी उतरण्याची अवस्था, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरू लागते ती, सर्वांत नाजूक. साल मऊ झालेली असते, गार रात्री पानांतून बाष्प जात नाही, मुळांकडून पाण्याचा दाब मात्र येत राहतो, वरून दहिवर सालीतून मुरते, आणि मणी तडकतो. थॉमसन, तास-ए-गणेश, क्लोन-२ए यांसारख्या हिरव्या वाणांत याच सुमारास किमान तापमान आठच्या खाली गेले आणि दिवस-रात्रीत मोठी तफावत पडली, तर मणी गुलाबी होतात. काढणीला आलेल्या मालाला धोका कमी, पण पॅकिंगची पंचाईत. ती पुढे येईल.

आता पाणी. ओली, दबलेली माती दिवसा ऊन जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरड्या, भुसभुशीत मातीत हवा भरलेली असते, तिच्यात उष्णता खोल जात नाही. म्हणून लाटेच्या आठवड्यात रोटर (माती भुसभुशीत करणारे ट्रॅक्टरचे अवजार) मारू नका आणि बोद (वेलींच्या ओळीचा मातीचा उंच वरंबा) हलवू नका. ओळींमधले उंच तण मात्र कापून टाका, ते उन्हाला मातीपर्यंत पोहोचू देत नाही.

हिशोब करून पाहा. ९ बाय ५ फुटांवर एकरी सुमारे ९६८ वेली. वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर धरले तर तासाला जवळपास ७,७०० लिटर पाणी पडते, तीन तासांत २३,००० च्या वर. हे पाणी विहिरीचे २४ अंशांचे असेल आणि मातीत जाऊन १४ अंशांपर्यंत गार झाले, तर ते सुमारे सव्वादोन लाख किलोकॅलरी उष्णता सोडते. साठ किलो कोरडे लाकूड जाळल्यावर मिळते तितकी. फरक इतकाच की लाकडाची बहुतेक ऊब वर निघून जाते आणि ही मुळांपाशी राहते.

हिरव्या मण्यांच्या प्लॉटला लाटेआधी दोन दिवस दुपारी दीड-दोन तास पाणी देऊन वरचा फूटभर थर ओला करा आणि लाटेच्या रात्री पहाटे तीनपासून सूर्य वर येईपर्यंत थोडे थोडे चालू ठेवा. भारी काळ्या जमिनीत इतके देऊ नका की वाफसा (मातीतला ओल आणि हवेचा मेळ) मोडेल. बोदातली माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निघू नये. मण्यात पाणी उतरत असेल तर एकदम मोठे पाणी अजिबात नको; रोजचे मोजके पाणी तसेच ठेवून फक्त त्याची वेळ दुपारची करा. या अवस्थेत आठवडाभर ताण देऊन लाटेच्या रात्री भरपूर पाणी सोडणे म्हणजे तडकण्याला आमंत्रण.

पाणी कुठले, यानेही फरक पडतो. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पहाटे हाताला कोमट लागते, कारण ते जमिनीच्या आतल्या तापमानाचे असते. शेततळ्याचे पाणी रात्रभर उघड्यावर गार झालेले असते. ते पहाटे सोडले तर उलट मुळ्या गारठतात. शेततळ्यावर भिस्त असेल तर दुपारी दोन ते पाचमध्येच पाणी द्या. सौर कृषिपंपवाल्यांना रात्री मोटर चालवता येतच नाही. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, दुपारचे पाणी निम्म्याहून जास्त काम करते. महावितरणच्या थ्री फेजची पाळी त्या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची ते आधी विचारून ठेवा. ऑटो स्टार्टरवर विसंबलात तर एक रात्र आधी चालवून पाहा आणि फिल्टरही त्याच दिवशी धुऊन घ्या. अर्ध्या ओळींनाच पाणी जाते हे पहाटे चारला कळून उपयोग नाही.

फॉगर किंवा वरून तुषार यांचा मोह होतो. थंड प्रदेशांत गोठणारे पाणी उष्णता सोडते म्हणून ते वापरतात, पण तिथे बर्फ वितळेपर्यंत पाणी अखंड चालू ठेवावे लागते. मध्येच थांबले तर बाष्पीभवनाने झाडे हवेपेक्षाही गार होतात. आपल्या कोरड्या हवेत सुरुवातीलाच असे होऊ शकते. शिवाय घड भिजले की डाऊनी (केवडा रोग) आणि कुज. द्राक्षाला वरून पाणी नकोच.

शेकोटीबद्दल गैरसमज फार आहेत. धुराचे पांघरूण बागेवर पसरते आणि थंडी अडते, असे मानून ओला पाला टाकून दाट धूर केला जातो. जमिनीतून रात्री निघणारी उष्णता धूर फारशी अडवत नाही. शेकोटीचा उपयोग होतो तो तिच्या ऊबेने, आणि तिच्यामुळे वरची तुलनेने उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळते त्याने. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूने गार हवा आत ओढली जाते. म्हणून गुडघ्याएवढ्या, पुष्कळ, मंद शेकोट्या करा. बागेच्या कडेने आणि मधल्या रस्त्यांवर, वारा येतो त्या उत्तर बाजूला जास्त दाट. छाटणीच्या वाळलेल्या काड्या, गोवऱ्या आणि भुस्सा यांचे ढीग संध्याकाळीच रचून झाकून ठेवा, नाहीतर दहिवराने भिजतात. पेटवायची वेळ तापमापकाने ठरवा. घडांच्या उंचीवर सहाच्या खाली जायला लागले की पेटवा आणि सूर्य वर येईपर्यंत जळण पुरेल असे पाहा. टायर आणि प्लॅस्टिक जाळू नका, त्याची काजळी घडांवर बसते. शेडनेट, ठिबकच्या नळ्या आणि पाचटाचे आच्छादन यांपासून दहा फूट अंतर, आणि जवळ पाण्याचे दोन ड्रम. वारा सुटला असेल तर पेटवूच नका, तेव्हा शेकोटीची ऊब बागेत थांबत नाही.

उत्तरेच्या कडेला शेडनेट बांधल्याने वाऱ्याचा झोत तुटतो. मात्र उताराच्या खालच्या बाजूला नेट जमिनीपर्यंत आणलेत तर बंधाऱ्यात पाणी साचावे तशी गार हवा बागेत साचते. त्या बाजूला खाली दोन फूट जागा मोकळी सोडा.

गुलाबी मण्यांवर खात्रीचा उपाय एकच, घडांना कागद. तोही पाणी उतरण्याआधी. एकदा गुलाबी झालेला मणी परत हिरवा होत नाही. वेलीला ३० घड धरले तर एकराला २९,००० घड होतात, तेव्हा लाटेच्या आदल्या दिवशी मजूर शोधून हे काम होणार नाही. पेठ, सुरगाण्याकडच्या टोळ्यांशी बोलणे आणि रद्दीची व्यवस्था डिसेंबरच्या सुरुवातीलाच करून ठेवा. कागद घडाभोवती सैल गुंडाळून वर देठाजवळ स्टेपल करा, खालचे तोंड उघडे ठेवा. झाकण्याआधी घड कोरडे हवेत आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण) व भुरी (पांढऱ्या पावडरीसारखी दिसणारी बुरशी) तपासलेली हवी. कागदाआड वाढलेली भुरी काढणीलाच दिसते. दर चार दिवसांनी प्रत्येक ओळीतले दोन-तीन घड उघडून पाहा.

फवारणीने थंडी अडत नाही. दुकानात ‘थंडीचे टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवण्यापेक्षा तेच जळणावर आणि मजुरीवर घाला. जीएचे डिपिंग (घड वाढीच्या संजीवकात, जिबरेलिक ॲसिडमध्ये, बुडवणे) लाटेच्या दिवसांत ठेवले असेल तर पुढे ढकला. गारठ्यात वेलीकडून प्रतिसाद मिळत नाही, आणि मग डोस वाढवण्याची चूक होते. भुरीसाठी गंधक मारणार असाल तर दिवसाचे तापमान १८-२० अंशांच्या वर असताना, दुपारी. त्याखाली गंधकाची वाफ नीट होत नाही आणि परिणाम अर्धा राहतो. निर्यातीच्या प्लॉटमध्ये काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) मोजल्याशिवाय काहीच नको.

काढणीला आलेल्या प्लॉटमध्ये दहिवर पूर्ण सुकल्याशिवाय कात्री लावू नका, मग दहा वाजले तरी चालतील. गार घड उबदार पॅकहाऊसमध्ये आले की त्यांच्यावर पाणी धरते. ते सुकेपर्यंत क्रेट सावलीत, हवेशीर ठेवा आणि मगच पेटी भरा. ओल पेटीत गेली की कुज प्रवासात दिसते.

बागेत मुक्कामाला असलेल्या मजुरांची सोय कामाआधी करा. पालात किंवा पत्र्याच्या खोलीत शेगडी, कोळसा पेटवून दार लावून झोपणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. शेगडी बाहेरच विझवायची, आत गवताचा किंवा पाचटाचा जाड थर, त्यावर बारदान आणि घोंगड्या. पहाटेच्या पाळीला दोघांशिवाय कुणाला पाठवू नका. गोठ्यात वासरांखाली कोरडे बारदान आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री. पण वर हवा खेळायला जागा ठेवा, नाहीतर कोंदट ओलीने खोकला लागतो.

लाट ओसरल्यावरही घाई नको. करपलेली पाने लगेच काढू नका. तीच घडांना उन्हापासून झाकतात. युरिया आणि जोरदार खते चार-पाच दिवस थांबवा, मुळी जागी झाल्याची खूण म्हणजे शेंड्याकडची पाने सकाळी ताठ दिसणे. पाणी दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने नेहमीवर आणा. गारठ्यानंतर दुपारचे तापमान एकदम ३० कडे गेले तर तडकण्याची दुसरी फेरी याच दिवसांत येते, आणि भुरीला २०-२७ अंशांची हवा फार मानवते. तेव्हा पाचव्या-सहाव्या दिवशी ओलांड्याजवळची (वेलीच्या आडव्या फांदीजवळची), आतली सावलीतली पाने उलटून पाहा.

हवामान आधारित फळपीक विमा घेतला असेल तर पावतीसोबतच्या तक्त्यात कमी तापमानाचा धोका धरला आहे का, किती अंशांखाली आणि सलग किती दिवस, ते वाचा. भरपाई महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, तुमच्या तापमापकावर नाही. तरीही रोजचा आकडा तारखेसह वहीत लिहा आणि नुकसानीचे फोटो काढून ठेवा. केंद्राची नोंद आणि आसपासच्या बागांचे अनुभव जुळत नसतील तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार देताना पाच-सहा शेतकऱ्यांच्या अशा वह्या एकत्र लावता येतात.