टँकर नंतर घ्या, आधी मैला कुठे ओतणार ते ठरवा

सेप्टिक टँक उपसायचा आणि पोर्टेबल टॉयलेट भाड्याने द्यायचा धंदा सुरू करायचाय म्हणून कोणी विचारायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, टँकर नवा घेऊ की जुना. मी उलटा विचारतो, संध्याकाळी भरलेला टँकर कुठे रिकामा करणार? इथे बहुतेक जण गप्प होतात. उपसायला काय, पंप चालू केला की कोणीही उपसतो, पण पोटात ५००० लिटर मैला घेऊन रस्त्यावर उभा असलेला टँकर म्हणजे साधारण ५ टन ओझं आणि ते उतरवायला परवानगी असलेली जागा नसेल तर धंदा पहिल्याच दिवशी अडकला.

म्हणून आधी आसपासच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत जाऊन बसा. सेप्टिक टँकचा गाळ घेता का, दिवसाला किती गाड्या, किती वाजेपर्यंत, लिटरमागे किती आकारता, हे सगळं लेखी घ्या. सगळीकडे घेत नाहीत आणि त्यात त्यांची चूक पण नसते. टँकमध्ये वर्षानुवर्षं साचलेला गाळ रोजच्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी पटीने दाट असतो, तो एकदम ओतला तर तिथल्या जिवाणूंना झेपत नाही आणि अख्खं केंद्र बिघडतं. हॉटेलांच्या ग्रीस ट्रॅपमधलं तूपकट घाण पाणी याच गाडीत मिसळलं तर गेटवरूनच परत पाठवतील, ते काम घ्यायचं असेल तर वेगळी फेरी मारा. पोर्टेबल टॉयलेटच्या टाकीत वास मारायला निळं औषध घालतात, त्याचंही आधीच विचारून ठेवा, फॉर्मल्डिहाइडवाल्या औषधाला बरीच केंद्रं नाही म्हणतात कारण ते वास मारतं तसं कामाचे जिवाणू पण मारतं. नाल्यात, शेतात, रात्रीच्या अंधारात ओतणारे सगळीकडे असतात, त्यांचा दर तुमच्यापेक्षा कमीच असणार, त्यांच्याशी दराची स्पर्धा करायला जाऊ नका. प्रत्येक खेपेची पावती जपा, कुठून किती उचललं, कुठे किती ओतलं. मोठी गिऱ्हाईकं नंतर हीच फाईल मागतात.

हे ठरलं की मग टँकर. केंद्र लांब असेल तर छोटी टाकी परवडत नाही, अर्धा दिवस नुसत्या जाण्यायेण्यात जातो. पण टाकी मोठी म्हणजे गाडी मोठी, ती गल्लीत शिरत नाही, तेव्हा आपल्या भागातले रस्ते बघूनच ठरवा. जुनी गाडी घेताना सगळे इंजिन बघतात, मी आधी व्हॅक्यूम पंप बघतो. पंपाचं तेल दुधाळ दिसलं तर समजा आत पाणी जातंय. टाकी आणि पंप यांच्यामध्ये एक छोटा ट्रॅप असतो, टाकी काठोकाठ भरली तर मैला पंपात जाऊ नये म्हणून, तो रोज संध्याकाळी उघडून रिकामा करायचा. हे दोन मिनिटांचं काम आमच्याकडे एका पोराने आठवडाभर केलं नाही आणि पंपाच्या आतल्या पट्ट्यांचा भुगा झाला, गाडी ९ दिवस उभी. आणखी एक, अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा जास्त वाईट, वळणावर आतला माल एका बाजूला धावतो आणि गाडीला ओढतो. ब्रेक मारला की माल पुढे-मागे धावू नये म्हणून आत आडव्या पत्र्याचे पडदे आहेत का ते बघा, पण वळणावर ते पडदे पुरत नाहीत, म्हणून ड्रायव्हरला वळणाआधीच वेग कमी करायची सवय लावा.

होस पाईपचा हिशोब फोनवरच करायचा. रस्त्यापासून टँक किती लांब, वर आहे की खाली, शेवटचा कधी उपसला, घरात माणसं किती. गणिताने व्हॅक्यूम पाण्याला साधारण १० मीटरपर्यंतच उचलू शकतो, तेही परफेक्ट व्हॅक्यूम मिळाला तर, प्रत्यक्षात ६-७ मीटर धरून चाला, आणि दाट गाळ असेल तर त्याहून कमी. गिऱ्हाईक "जवळच आहे हो" म्हणतं आणि आपण गेलो की टँक घराच्या मागे, जिन्याखाली, वर टाईल्स लावलेल्या. फोटो मागवा, सरळ.

आता प्रत्यक्ष उपसा. टँकमध्ये तीन थर असतात, वर तेलकट तवंग, मधे पाणी, तळाला गाळ. तवंग आणि गाळ मिळून टँकच्या खोलीच्या एक तृतीयांश झाले की उपसायची वेळ आली, साध्या घराला ही वेळ साधारण ३ ते ५ वर्षांनी येते. मोजायला भारी यंत्र लागत नाही, लांब काठीच्या खालच्या मीटरभर भागाला पांढरा जाडसर टॉवेल गुंडाळा, तळापर्यंत हळू सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा, सरळ वर काढा, टॉवेलवर काळे कण जिथवर चिकटलेत तितका गाळ. हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर करा, मग "गरज नसताना उपसला" असं कोणी म्हणत नाही. आणि खरंच गरज नसेल तर तसं सांगून निघून या, असं गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला फोन करत नाही.

झाकण उघडलं की होस टाकायच्या आधी पातळी बघा, अर्धं निदान तिथेच होतं. पाणी बाहेर जायच्या पाईपाच्या वर चढलेलं असेल तर पुढचा शोषखड्डा पाणी घेत नाहीये. पाईपाच्या बरंच खाली असेल तर टँकला भेग आहे. उपसताना बाहेरच्या पाईपातून पाणी उलटं टँकमध्ये यायला लागलं तर शोषखड्डा तुडुंब आहे, उपसून चार दिवस बरं वाटेल आणि परत तुंबेल, हे तेव्हाच तोंडावर सांगा. आणि घरात कोणी नळ वापरत नसताना घरातून टँकमध्ये येणाऱ्या पाईपातून बारीक धार चालूच असेल तर कुठलातरी फ्लश गळतोय.

बारक्या तपासणीच्या पाईपातून उपसू नका, मोठं झाकण उघडा, दोन कप्पे असतील तर दोन्ही उघडा. नुसतं पाणी ओढून घेतलं तर तळाचा गाळ तसाच राहतो, म्हणून थोडं पाणी टँकरमधून जोरात परत सोडायचं, गाळ ढवळायचा आणि मग ओढायचा, असं दोन-तीनदा. होसचा आवाज ऐकायला शिका, दाट गाळ जाताना होस जड होऊन हातात थरथरतो, हवा ओढायला लागला की घशात अडकल्यासारखा खरखर आवाज येतो. वेट वाइप्सचे गुंतवळे होसच्या तोंडाशी अडकतात, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो ते विरघळत नाहीत. जिवाणू वाढवायची पावडर विकून वरचे पैसे कमावणारे पण आहेत, मी विकत नाही, टँकमध्ये जिवाणू माणसं रोज फुकट घालतात.

एक चूक माझी स्वतःची. सलग पाऊस पडून गेला होता, जमीन भिजून चिखल, आणि एका घरचा प्लास्टिकचा टँक मी पूर्ण रिकामा करून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन, "दादा, तुमचं झाकण वर आलंय." जाऊन बघतो तर झाकण नाही, अख्खा टँक जमिनीतून होडीसारखा वर आलेला आणि दोन्ही बाजूंचे पाईप मोडलेले. रिकामा हलका टँक आणि भोवती जमिनीत पाणी, दुसरं काय होणार. खर्च मी दिला. तेव्हापासून जमीन ओली असेल तर एक तर काम पुढे ढकलतो, नाहीतर थोडाच उपसतो.

आता सुरक्षेचं, आणि इथे मला मस्करी चालत नाही. टँकमध्ये कोणीही उतरायचं नाही. मोबाईल पडला, चावी पडली, होसचं तोंड पडलं, गेलं ते गेलं. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो, पण त्याची फसवणूक अशी की प्रमाण वाढलं, साधारण १०० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास, की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, माणसाला वाटतं हवा साफ झाली. ५०० ते १००० पीपीएमला माणूस मिनिटांत किंवा त्याच्याही आधी कोसळतो. हा हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. शिवाय मिथेन असतो, तो हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीला भडकतो, तेव्हा झाकणाजवळ विडी-सिगारेट नाही. एक जण पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि सगळे आतच राहतात. तोंडाला रुमाल बांधून गॅस अडत नाही, साध्या मास्कनेही नाही. वरून ओढायचं, वरूनच ढवळायचं, वरूनच धुवायचं, आणि जे वरून निघत नाही ते आपलं काम नाही. हवेतला गॅस मोजायचा मीटर घ्याच, पण तो सोबत आहे म्हणून उतरायची परवानगी मिळाली असं नाही.

झाकणावर उभं राहायचं नाही हे पण पोरांना पहिल्या दिवशीच सांगतो. तोच सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस ओल्या सिमेंटवर जिवाणूंमुळे सल्फ्युरिक ॲसिड होतो आणि झाकण आतून कुरतडतो, वरून छान दिसतं, खालून पोकळ. उघडं झाकण सोडून दोन मिनिटं पण लांब जायचं नाही, लहान मुलं कुठून येतील सांगता येत नाही. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वात, या लसींबद्दल कामावर ठेवतानाच डॉक्टरकडे पाठवा, खर्च आपला.

टॉयलेट भाड्याचा धंदा वेगळ्या स्वभावाचा. उपशाचे फोन कधी दिवसात सात, कधी आठवड्यात एक. टॉयलेट एकदा बांधकामाच्या साईटवर उभं राहिलं की महिन्याला ठरलेले पैसे येतात, म्हणून दोन्ही एकत्र चालवलेलं बरं. पण टॉयलेट म्हणजे डबा भाड्याने देणं नव्हे, सर्व्हिस देणं. दहा कामगारांना एक, आठवड्याचे ४० तास काम आणि आठवड्यातून एक सर्व्हिस, हा ढोबळ हिशोब, त्यापेक्षा कमी मागणाऱ्या साईटला तिथेच समजवा, कारण घाण झालं की शिव्या तुमच्या नावाने. खालची टाकी साधारण २०० ते २३० लिटरची, त्यात सर्व्हिसनंतर १५-२० लिटर पाणी आणि निळं औषध घालायचं. पुढच्या वेळी निळं हिरवट झालेलं दिसलं तर माणसं जास्त झालीयेत किंवा ऊन जास्त आहे, औषध वाढवा नाहीतर फेरी वाढवा. मी प्रत्येक डब्याचा रंग वहीत लिहितो, त्यावरून ठेकेदाराशी बोलायला सोपं जातं.

जागा निवडताना ठेकेदाराला कोपऱ्यात लपवायचं असतं आणि आपल्याला होस पोचायला हवा. टँकरपासून ६-७ मीटरच्या आत, जमीन सपाट, दार वाऱ्याकडे तोंड करून नाही, आणि वारा असेल तिथे खुंट्या ठोकून. एका साईटवर आम्ही गेलो तर टॉयलेटच्या चारी बाजूंनी सळयांचे ढीग, आत जायला माणसाला वाट आहे पण गाडीला नाही. तेव्हा करारात ओळ टाकली, वाट बंद असेल तर फोटो काढून परत येऊ आणि फेरीचे पैसे लागतील. डबा उलटला, जळला, दार मोडलं तर कोणाचं, हे पण त्याच करारात. आणि डबा हलवायच्या आधी उपसायचा, भरलेला डबा ट्रॉलीवर तिरका केलेला एकदा बघितला की परत कोणी करत नाही.

कार्यक्रमाला वेगळा हिशोब, तिथे गर्दी मध्यंतरात एकदम येते, त्यामुळे सरासरीवर जाऊ नका, आणि बायकांच्या रांगेसाठी नेहमी जास्त डबे धरा. हात धुवायची सोय, रात्रीचा दिवा, व्हीलचेअर जाईल असा एक रुंद डबा, हे न विचारता कोटेशनमध्ये टाकतो. धुवायच्या स्वच्छ पाण्याची टाकी मैल्याच्या टाकीपासून पूर्ण वेगळी ठेवायची, होस पण वेगळा, वेगळ्या रंगाचा.

दर ठरवताना केंद्राची फी, जाण्यायेण्याचे किलोमीटर, होसची लांबी आणि गाडीची झीज धरा, मगच नफा. रूट असा लावा की एका बाजूची सगळी कामं एका दिवशी होतील, डिझेल तिथेच वाचतं.

आणि केबिन. मैल्याचे हातमोजे केबिनमध्ये येणार नाहीत, बूट दारात पुसूनच आत, ड्रायव्हरच्या बाजूला पाण्याचा कॅन आणि साबण बांधलेला. मी कामाला घ्यायच्या आधी माणसाला एक फेरी सोबत नेतो आणि काही बोलत नाही, नुसतं बघतो, काम झाल्यावर हा हात धुवून स्टेअरिंगला हात लावतो की तसाच बसतो.