थंडीतल्या नऊ चिमण्या: चित्र पाहण्याची एक रीत

हिवाळ्यातील पाखरांचे चित्र समोर आले की नजर आधी बर्फ शोधते. त्सुई बाई या अकराव्या शतकातील चिनी चित्रकाराच्या ‘थंडीतल्या चिमण्या’ या चित्रात तो नाहीच, आणि म्हणूनच सरावासाठी मला ते फार सोयीचे वाटते. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातील ही रेशमी पट्टी २५.५ सेंटिमीटर उंच आणि १०१.४ सेंटिमीटर लांब असून तिच्यावर एक वठलेले झाड आणि नऊ चिमण्या एवढाच ऐवज आहे.

अशी पट्टी गुंडाळून ठेवली जाई आणि उजवीकडून डावीकडे थोडी थोडी उलगडत पाहिली जाई. संगणकाच्या पडद्यावर ती एकदम दिसत असली, तरी चित्र मोठे करून तोच क्रम पाळावा. उजवीकडच्या दोन चिमण्या नुकत्याच आल्यासारख्या, अजून हालचालीत आहेत. मधल्या चौघी दोन्ही टोकांना जोडतात. डावीकडच्या तिघी विसावल्या आहेत. थव्याची लगबग हळूहळू निवत जाते आणि त्यातूनच संध्याकाळ उमगते. रेशमाच्या तपकिरी छटेवरून मात्र सांजवेळेचा निष्कर्ष काढू नये, कारण जुने रेशीम काळाबरोबर असेच काळवंडते.

आता एकच चिमणी निवडून तिच्या शरीराची बाह्यरेषा पाहावी. थंडीत पाखरू पिसे फुलवते, त्यांत अडकलेली हवा शरीराची ऊब धरून ठेवते, आणि ते लोकरीच्या गुंड्यासारखे गोल दिसू लागते. मान आखडलेली आहे का, पाय पिसांत झाकले आहेत का, हेही पाहावे. एरवी आपण ज्याला ‘गोंडस’ म्हणून मोकळे होतो, तो पुष्कळदा थंडीशी चाललेला झगडा असतो.

जात ओळखताना घाई नको. चीनमध्ये सर्वत्र आढळणाऱ्या चिमणीचा माथा तांबूस आणि पांढऱ्या गालावर काळा ठिपका असतो, शिवाय नर-मादी सारखेच दिसतात. आपल्या अंगणातल्या चिमण्याचा माथा राखाडी असतो. त्यामुळे नर कोणता आणि मादी कोणती, हा आपल्या सवयीचा प्रश्न येथे गैरलागू ठरतो.

शेवटी कुंचल्याकडे वळावे. त्याआधीच्या दरबारी परंपरेत बारीक रेषेने आकार बांधून त्यात रंग भरण्याची पद्धत होती. त्सुई बाईने ती चौकट सैल केली: चिमण्यांची पिसे त्याने निगुतीने रंगवली, पण खोडावर कुंचला कोरडा आणि मोकळा फिरवला, त्यामुळे साल खडबडीत भासते आणि तिच्यापुढे पिसांचा मऊपणा अधिक जाणवतो.