इन्व्हर्टरच्या दुकानातून शिडाच्या बोटीवर: बॅटरीच्या कामात येणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बॅटरीचं काम येणाऱ्या पोरांची कमी नाही. ट्रॅक्टर, टेम्पो, इन्व्हर्टर हे रोजचंच. जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस लागला की लाईट जाते आणि दुकानात इन्व्हर्टरवाल्यांची रीघ लागते. आयटीआय करून एखाद्या दुकानात हात बसलेली ही पोरं आता विचारतात, गोव्यात शिडाच्या बोटींवर बॅटरीचं काम असतं म्हणे, आम्हाला जमेल का? जमेल. चोर्ला घाट उतरून मी हेच काम करतो. इन्व्हर्टर नीट शिकलेल्याला यातलं निम्मं काम आधीच येत असतं. उरलेल्या निम्म्यासाठी काही सवयी सोडाव्या लागतात आणि एक लावून घ्यावी लागते: बॅटरीला हात लावण्याआधी कागद-पेन घेऊन मालकासमोर बसायचं.

आपला आणि या बोटींचा संबंध काय, असं घरचे विचारतील. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई खाली गोव्यात मांडवी होते. तिच्याच नावाची नौदलाची ‘म्हादई’ ही शिडाची बोट गोव्यातच बांधली. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तिच्यावरून एकट्यानं जगप्रदक्षिणा केली, टॉमींनी तर मध्ये कुठल्याही बंदरात न थांबता. एकटा माणूस झोपतो तेव्हा बोटीची दिशा सांभाळायला काहीतरी लागतं, रेडिओ लागतो, रात्री दिवे लागतात, जागा दाखवणारी यंत्रं लागतात. यातलं बरंचसं बॅटरीवर चालतं आणि भर समुद्रात दुकान नसतं. लांबच्या प्रवासाच्या कुठल्याही बोटीवर काम करताना हे डोक्यात पक्कं असू द्या.

मालक बहुधा विचारतो, ‘कुठली बॅटरी घालू?’ दुकानातल्या सवयीनं आपण लगेच एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते) आणि किंमत सांगायला जातो. तसं करू नका. आधी त्याला रोज किती वीज लागते ते काढा. क्लॅम्प मीटर (वायरीला चिमटा लावून करंट मोजणारा) डीसीचा घ्या (नुसता एसीचा इथं कामाचा नाही) आणि एकेक वस्तू चालू करून करंट लिहून घ्या. मध्यम आकाराच्या बोटीचा हिशेब साधारण असा येतो. फ्रिज दिवसाला ५० एएच. नांगरावर उभी असताना रात्रभर जळणारा एलईडी दिवा जेमतेम २ ते ३. आतले दिवे, पाण्याचा पंप, मोबाईल-लॅपटॉप, रेडिओ मिळून ३० धरा. म्हणजे उभ्या बोटीला ८०-८५ एएच. हीच बोट चोवीस तास चालत असेल तर ऑटोपायलट सरासरी ३ अँपिअर म्हणजे ७२ एएच, नकाशाचा पडदा आणि बाकीची यंत्रं दीड अँपिअरनं ३६, वर चालतीचे दिवे. आकडा १९० च्या पुढं जातो. कित्येक मालकांना आपल्या बोटीचे हे दोन वेगळे आकडे माहीतच नसतात. कागदावर समोरासमोर दिसले की पुढचं बोलणं सोपं जातं.

मग आवक. गोव्याच्या उन्हात २०० वॅटचं पॅनेल, शिडाची सावली पडली नाही तर, दिवसाला ५०-६० एएच देतं. उरलेलं इंजिनच्या अल्टरनेटरवरून किंवा धक्क्यावरच्या विजेवरून भरायचं. खर्च आवकेपेक्षा जास्त असेल तर कितीही मोठी बॅटरी घाला, चार दिवस उशिरा का होईना, ती बसणारच. अशा वेळी बॅटरीआधी पॅनेल वाढवायला सांगणं हेच खरं काम. त्यात आपली विक्री कमी होते, पण मालक पुढच्या सीझनला परत येतो.

आता बॅटरी. आपली इन्व्हर्टरची उंच १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी घरात उत्तम, बोटीवर नको. शिडाची बोट वाऱ्यात वीस-पंचवीस अंश सहज कलते आणि तासन् तास तशीच चालते. पन्नास-साठ किलोची उंच बॅटरी सुटली तर बोट आतून फुटू शकते. अॅसिड सांडतं ते वेगळंच. बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो, तोही बंद केबिनमध्ये. चार्जिंगला निघणारा हायड्रोजन तर सगळ्याच पाण्याच्या (पाणी घालाव्या लागणाऱ्या) बॅटऱ्यांत असतो आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीची वाट बघतो. पाण्याच्या बुटक्या डीप सायकल (रोज खोलवर उतरवून परत भरायच्या) बॅटऱ्या बोटींवर वर्षानुवर्षं चालल्यात, पण त्या पेटीत, पट्ट्यानं आवळून आणि हवा खेळती ठेवून. गाडीची बॅटरी घरखर्चाला, म्हणजे बोटीवरच्या फ्रिज-दिवे-यंत्रांना, लावू नका. तिच्या पातळ प्लेटा इंजिनला झटका देण्यासाठी असतात, रोज निम्म्यापर्यंत उतरवली की ती काही महिन्यांत मरते. इंजिनची बॅटरी वेगळी आणि घरखर्चाची वेगळी, हा नियम कुठंही मोडू नका. रात्री फ्रिजनं सगळं पिऊन टाकलं तरी सकाळी इंजिन लागलंच पाहिजे.

लेड (शिसं-अॅसिडची) आणि लिथियम यात काय घ्यायचं, हा प्रश्न आता प्रत्येक बोटीवर येतो. इथं एएचच्या आकड्यानं फसायला होतं. ४०० एएचची लेड बँक (जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच) निम्म्याच्या खाली न्यायची नाही. वरचे शेवटचे पंधरा टक्के भरायला तासन् तास लागतात, त्यामुळे प्रवासात ती ८५ टक्क्यांच्या वर क्वचितच जाते. हातात राहिले ३५ टक्के, म्हणजे १४० एएच. २०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बँक ८० टक्के वापरली तरी १६० देते. वजन बघा: लेडचं सव्वाशे किलोच्या आसपास, लिथियमचं पंचवीसेक. शिवाय लेड कायम अर्धवट भरलेली राहिली की सल्फेट धरते आणि वेळेआधी जाते. बोटीवरच्या बहुतेक लेड बॅटऱ्या वापरानं नव्हे, अशा उपासमारीनं मरतात. वर्षभर बोटीवर राहणाऱ्याला मी लिथियम सुचवतो. शनिवार-रविवार धक्क्यावरून निघून परत येणाऱ्याला एजीएम (पाणी न घालायची, बंद लेड बॅटरी) पुरते, उगाच खर्चात पाडू नये.

लिथियम म्हणजे जुनी काढून नवी ठेवली आणि झालं, असं मात्र नाही. ती करंट ओढतच राहते. बोटीचा अल्टरनेटर इंजिनच्या बंद खोलीत, कमी फेऱ्यांवर, तासभर पूर्ण ताकदीनं चालला की जळतो. आणि एखाद्या सेलचं व्होल्टेज वर गेलं की आतली बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारी सर्किट) बॅटरीच तोडते. त्या क्षणी अल्टरनेटरचा करंट जाणार कुठं? व्होल्टेज उसळतं आणि डायोड उडतात, कधी यंत्रंही. साधा आणि भरवशाचा उपाय असा: अल्टरनेटर इंजिनच्या लेड बॅटरीलाच जोडलेला ठेवायचा आणि तिथून डीसी-डीसी चार्जरनं, समजा ३० अँपिअरनं, लिथियम भरायची. चार्जर आणि सोलर कंट्रोलरची सेटिंगही बदलावी लागते. लेडचं इक्वलायझिंग (सेल सारखे करायला मुद्दाम दिलेलं जादा चार्जिंग), साडेपंधरा व्होल्टच्या आसपासचं, लिथियमवर चालू राहिलं तर घात. १२ व्होल्टची लिथियम १४.२ ते १४.४ पर्यंतच.

व्होल्टमीटर बघून किती उरली हे सांगायची आपली हातोटीही इथं उपयोगाची नाही. लेडमध्ये चालतं: आराम दिलेली बॅटरी १२.७ ला भरलेली, १२.२ ला निम्मी. लिथियम मधल्या सगळ्या पट्ट्यात १३ ते १३.३ दाखवते आणि तळाशी एकदम कोसळते. तिला शंट (करंट मोजायला मध्ये बसवायची पट्टी) लावून आत-बाहेरचा करंट मोजणारा मीटरच हवा. शंट निगेटिव्हवर, आणि प्रत्येक निगेटिव्ह वायर शंटच्या पलीकडच्या बाजूला. एखादी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला राहिली की मीटर खोटं बोलतो.

वायरिंगबद्दल जरा जास्त सांगतो, कारण आपली पोरं इथंच नापास होतात. जुन्या बोटीची जाड केबल लगपाशी (टोकाच्या धातूच्या कडीपाशी) कापा आणि इन्सुलेशन सोला. वरून लाल, नवीकोरी दिसणारी वायर आत काळी पडलेली असते. अजून वीतभर मागं कापा, तिथंही काळीच. खारी दमट हवा लगच्या तोंडातून तारांमधून आत सरकत जाते. म्हणून कल्हई केलेली तांब्याची केबल, हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबलेली लग आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक. गॅरेजमध्ये आपण डाग (सोल्डर) देतो, बोटीवर नुसत्या डागावर जोड सोडू नका. सोल्डर जिथं संपतं तिथं वायर कडक होते आणि हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. लिथियमला क्लास टी फ्यूज लावा. शॉर्टला ही बॅटरी हजारो अँपिअर ओतते, साध्या फ्यूजमध्ये आर्क पेटत राहू शकतो, क्लास टी २० हजार अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडतो. दोन बॅटऱ्या पॅरलल जोडल्या तर पॉझिटिव्ह एकीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्यायचा, नाहीतर एकटीच राबते. आणि एक गेली म्हणून जुन्यांच्या बँकेत एकच नवी घालायची नाही.

बदलताना क्रम असा ठेवा. आधी सगळ्याचे फोटो, प्रत्येक वायरला चिठ्ठी. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवायची, पान्याला टेप गुंडाळायची. धक्क्यावरची वीज आणि चार्जर बंद. मग सोलर पॅनेल कंट्रोलरपासून तोडायचं, बॅटरीच्या आधी. उन्हात पॅनेल जोडलेलं ठेवून बॅटरी काढली तर कंट्रोलर जाण्याची भीती असते. मग निगेटिव्ह, शेवटी पॉझिटिव्ह. जोडताना उलट, आणि पॅनेल सगळ्यात शेवटी. काम झाल्यावर नांगराचा विंच चालवून ८०-१०० अँपिअरचा लोड द्या आणि थांबल्याबरोबर स्विच बंद करून प्रत्येक जोडाला हात लावून बघा. एखादी लग गरम लागली तर ती परत करायची, मालकाला घाई असली तरी.

धंद्याचं थोडं. जूनपासून बोटी बंद असतात, काम ऑक्टोबरच्या आगेमागे सुरू होतं. त्यामुळे आपला इन्व्हर्टरचा पावसाळी सीझन बुडत नाही. बोट बांधून ठेवणाऱ्यांना आधीच सांगा: लेड पूर्ण भरून ठेवायची आणि अधूनमधून चार्जिंग, लिथियम मात्र निम्मी-साठ टक्के भरून तोडून ठेवायची. जुन्या लेडच्या भंगाराचे पैसे कोणाचे, हे काम धरतानाच बोलून घ्या. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनुसार ती नोंदणी असलेल्याकडंच जायला हवी, आणि घाटातून आणताना क्रेटमध्ये उभीच ठेवायची. पहिला सीझन हाताखाली काढा. क्रिंपर आणि डीसी क्लॅम्प मीटर मात्र स्वतःचे घ्या, आणि चांगल्यातले घ्या.