विद्यार्थ्यांसाठी जुनं प्रेमविनोदी नाटक निवडताय? या चुका टाळा

पहिल्या वाचनाला सगळे खिदळतात आणि दहाव्या तालमीला कुणाच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही. मग नटांना बोलणी बसतात. खरं तर घोळ बहुधा नाटक ठरवलं त्याच दिवशी झालेला असतो.

सगळ्यात महागात पडतं ते जोडी बघून नाटक उचलणं. ‘ही दोघं शोभतात’ एवढ्यावर बेत ठरतो. पण अशा नाटकात हशा पिकतो तो गैरसमजावर, आणि तो फुगवतात भलतीच पात्रं. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ (१९१६) बघा. अश्विनशेठ-रेवती मिळतीलही, पण संशयाने पछाडलेला फाल्गुनराव पेलणारा मुलगा आहे का? शिवाय ते संगीत नाटक, म्हणजे गाणारे गळे लागणार. त्यात एक तसबीर भलत्याच्या हाती लागते आणि आग पसरते. ती तसबीर शेवटच्या रांगेतून दिसलीच नाही, तर पुढे कोण कशावरून भडकलंय हेच लोकांना कळणार नाही.

दुसरी चूक कात्रीची. ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’मध्ये (१८९५) दुसऱ्या अंकात जॅक सुतकी काळ्या कपड्यांत येतो, भाऊ वारला म्हणून. तोंडही उघडायच्या आत हशा येतो, कारण असा भाऊ मुळात नाहीच आणि त्याचं नाव लावून मित्र आत घुसलाय, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. वेळेसाठी पहिला अंक छाटलात तर तीच एंट्री सपाट पडते. कापायचंच असेल तर आधी प्रत्येक हशाच्या जागी खूण करा आणि त्याची तयारी मागे कुठे झालीय ते शोधा. ती वाक्यं सोडून बाकी काय ते उडवा. (शीर्षकातली कोटी, म्हणजे ‘अर्नेस्ट’ हे नावही आणि इंग्रजीत ‘प्रामाणिक’ही, मराठीत आणणं म्हणजे डोकेदुखी. रूपांतर घेणार असाल तर आधी मोठ्याने वाचून बघा.)

तीनच पात्रं म्हणून रशियन लेखक चेखवची ‘मागणी’ ही एकांकिका सोपी वाटते. नाही हो! लग्नाची मागणी घालायला आलेला लोमोव आधी कुरणावरून भांडतो, मग कुत्र्यांवरून. मुलं पहिल्याच भांडणात घसा फाडतात आणि दुसऱ्याला चढायला पायरीच उरत नाही. तालमीत पहिलं भांडण बसून, हळू आवाजात करून घ्या. तरीही हसू आलं नाही तर शब्द पाठ नाहीत असं समजा. अडखळत टायमिंग जमत नाही.

आणि परवानगी. मूळ नाटक शेकडो वर्षं जुनं असलं तरी अनुवादावर अनुवादकाचा हक्क असू शकतो. पोस्टर छापायच्या आधी पत्र पाठवा.